लास व्हेगासचा शॉट शो पाहून आलो: हिंगणा-बुटीबोरीवाल्यांना तिथं काय आहे?

हिंगणा_टर्निंग

मंडळी, जानेवारीत लास व्हेगासला शॉट शो, म्हणजे बंदुका आणि शिकारीच्या सामानाचं व्यापारी प्रदर्शन, पाहून आलो. फोटो टाकल्यापासून रोज कोणी ना कोणी विचारून राहिलं आहे: किती बंदुका हाताळल्या, एखादी आणली का, आणि आपल्या एमआयडीसीतल्या माणसाला तिथं धंदा आहे का. पहिल्या दोन प्रश्नांत दम नाही. तिसऱ्यासाठी हा धागा उघडतो.

आधी माझी ओळख, म्हणजे मी कुठून पाहून राहिलो ते कळेल. सीएनसी टर्निंग आणि गेज-फिक्स्चरचं काम, म्हणजे माप तपासायची आणि भाग धरून ठेवायची साधनं. दारूगोळ्याच्या कारखान्यांना माल देणारे जे मोठे व्हेंडर आहेत, त्यांचं जॉब वर्क करतो. घरी बंदूक नाही, परवाना नाही, हौसही नाही.

शो भरवते अमेरिकेतल्या बंदूक उद्योगाची संघटना, नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन. पहिला १९७९ मध्ये सेंट लुईसला झाला. २०१० पासून दर जानेवारीला लास व्हेगासलाच, २०२१ चं कोरोनाचं वर्ष तेवढं सोडून. व्हेनेशियन एक्स्पो आणि शेजारचा सीझर्स फोरम मिळून अडीच हजारांच्या वर प्रदर्शक, पन्नास हजारांच्या वर माणूस. तिकीट काढून आत जायची सोय नाही. दुकानदार, उत्पादक, घाऊक खरेदीदार, पोलीस-लष्करवाले, पत्रकार असं काहीतरी असावं लागतं आणि ते कागदावर दाखवावं लागतं. माझी कागदपत्रं लोकांनी नीट वाचली आणि उलट प्रश्न विचारले, मगच बिल्ला मिळाला.

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती आवाज. हजारो लोक एकाच वेळी बोल्ट ओढून सोडतात, ट्रिगर दाबतात, त्याची सततची टकटक. गोळी मात्र एकही सुटू शकत नाही. मांडलेल्या प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन आधीच काढलेली असते, संघटनेची माणसं ती तपासतात. स्वतःची बंदूक आत आणायला मनाई, जिवंत काडतूस आणायला मनाई. म्हणजे नेवाडासारख्या राज्यात, जिथं बाहेर रस्त्यावर लोक कमरेला पिस्तूल लावून फिरू शकतात, त्या उद्योगाचा स्वतःचा मेळावा पूर्ण निःशस्त्र! गोळी झाडून पाहायची सोय शो उघडायच्या आदल्या दिवशी असते, बोल्डर सिटीच्या रेंजवर, तीही निमंत्रित पत्रकार आणि खरेदीदारांसाठी. मला काही तिथलं निमंत्रण नव्हतं.

बंदुकांपेक्षा बाकीचंच जास्त. बूट, टॉर्च, सुऱ्या, कानाचे मफ, तिजोऱ्या, दुर्बिणी, शिकारीचे तंबू, बदकांचे नकली पुतळे, हरणाच्या वासाच्या बाटल्या. शिकार हा तिकडे केवढा मोठा व्यवसाय आहे ते इथं बसून कळत नाही.

माझं लक्ष धातूवर. नळीचंच पाहा. कोणी आतल्या सर्पिल खाचा बटण ओढून काढतो, कोणी कटरने एकेक खाच कापतो, आणि मोठे लोक कोल्ड हॅमर फोर्जिंग करतात, म्हणजे आत मँड्रेल (खाचांचा ठसा असलेला दांडा) ठेवून बाहेरून हातोडे मारत नळी त्यावर दाबत न्यायची. त्या मशिनींचं मोठं नाव ऑस्ट्रियाच्या स्टायर गावचं जीएफएम. धातू म्हणाल तर आपल्या ओळखीचाच: पोलादात ४१४०, ४१५०, स्टेनलेसमध्ये ४१६, रिसीव्हरला (बंदुकीचा मधला मुख्य सांगाडा) ७०७५ ॲल्युमिनियम आणि वर हार्ड ॲनोडायझिंग. हॅमर, सिअर, सेफ्टी असले बारके भाग आता बरेच जण एमआयएमने काढतात, म्हणजे धातूची पूड बाइंडरमध्ये कालवून साच्यात मारायची आणि मग भट्टी. ज्या भागावर माझ्याकडे तीन सेटिंग लागतील तो भाग तिथं साच्यातून जवळपास तयार निघतो. तिथं आपला रेट चालणारच नाही, हे डोक्यात ठेवा.

आपल्यासारख्यांची खरी जागा मुख्य हॉल नाही. सप्लायर शोकेस म्हणून एक वेगळा भाग असतो, पहिल्या एक-दोन दिवसांचा. कच्चा माल, फोर्जिंग, कोटिंग, स्प्रिंगा, मशिनिंग करणारे तिथं टेबल लावून बसतात आणि बंदूक बनवणारे गिऱ्हाईक म्हणून फिरतात. तिथं मी दिवस घालवला. काही लोकांशी बोलणं छान झालं. आपल्या कामाचे नमुने पाहून एकानं मायक्रोमीटर काढला, मोजलं, मान हलवली. मग विचारलं, नागपूर भारतात ना? हो म्हटल्यावर नमुना परत ठेवला आणि म्हणाला, ड्रॉइंग देता येणार नाही.

अडलं ते इथं. किंमत नंतरची. अमेरिकेत बंदुकीच्या भागाचं ड्रॉइंग परदेशी माणसाला दाखवणं हीच निर्यात धरतात. लष्करी असेल तर आयटार नावाचे शस्त्रनिर्यातीचे नियम. मार्च २०२० पासून बऱ्याचशा साध्या पिस्तूल-रायफली त्यातून काढून वाणिज्य खात्याच्या नियमांखाली टाकल्या, तरी लायसन्स लागतंच. ईमेलला जोडलं तरी निर्यात, टेबलावर उघडून दाखवलं तरी निर्यात. नाइट व्हिजनच्या स्टॉलवर तर आधी बिल्ल्यावरचा देश पाहतात, मग ठरवतात तोंड किती उघडायचं.

विचारा काय विचारायचं ते. कॅसिनोबद्दल विचारू नका, घरचेही हा धागा वाचतात.

---

संत्रा_बर्फी

एवढा दूर गेला अन् कागद पाहून आला म्हणजे! आमच्या इथल्या पोट्ट्याले वाटून राहिलं होतं भाऊ तोफ घेऊन येते. बरं, ते ग्लॉक कितीले आहे तिकडं?

---

हिंगणा_टर्निंग

नवीन पाच-सहाशे डॉलरच्या आसपास. पण तुम्हाला काय करायचं? ९ मिलिमीटर आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं, म्हणजे सामान्य परवान्यावर मिळत नाही.

---

कामठीकर

हेच लोकांना समजत नाही. इथं सामान्य परवान्यावर मिळतं ते पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, १२ बोअर, पॉइंट ३१५ रायफल, ३०-०६ स्पोर्टिंग. त्या ३१५ ची गंमत आहे. बंदूक तीच जुनी ली-एनफिल्डची घडण, पण ३०३ हे फौजेचं काडतूस, नागरिकाला द्यायचं नाही, म्हणून वेगळ्या काडतुसाची रायफल बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात काढली. आजही लोक ती घेतात.

आणि परदेशी बंदुकीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला बंद आहे. नामांकित नेमबाज वगैरे अपवाद. त्यामुळे त्याआधी आलेली जुनी वेब्ली नाहीतर वॉल्थर, जी अमेरिकेत कोणी काचेच्या पेटीत कोपऱ्यात टाकेल, ती इथं लाखांत जाते. आता वेब्लीचं ३२ रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं, आणि एडब्ल्यूईआयएल या सरकारी शस्त्र कंपनीने २०२३ मध्ये प्रबल नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं, पन्नास मीटर पल्ल्याच्या दाव्याचं. तरी जुन्याचा भाव उतरायचं नाव नाही.

हिंगणाभाऊ, प्रबलसारखं काही तिकडं कोणी विचारलं का?

---

हिंगणा_टर्निंग

नाही. ३२ लाँग हे काडतूसच तिकडं म्हातारं समजतात. नेमबाजीच्या पिस्तुलांत तेवढं टिकलं आहे.

---

वऱ्हाडी_वकील

धागा चांगला आहे, पण एक इशारा वर टाका असं सुचवतो. लास व्हेगासला पर्यटकांसाठी फायरिंग रेंज गल्लोगल्ली आहेत. शोला जाणारा माणूस संध्याकाळी तिथं जातो, गोळ्या झाडतो आणि आठवण म्हणून एखादं काडतूस बॅगेच्या कप्प्यात टाकतो. परत येताना कुठल्यातरी भारतीय विमानतळावर क्ष-किरणात ते दिसतं आणि मग माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय होते.

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय एक जिवंत काडतूस जवळ असणं हाही गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढली. बचाव असतो तो जाणीवपूर्वक ताब्याचा: सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल प्रकरणात म्हटलं की ताबा म्हणजे नुसती वस्तू जवळ असणं पुरेसं नाही, ती असल्याची जाणीव हवी. विसरून राहिलेल्या एका काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्द केले आहेत. पण ‘रद्द होतो’ म्हणजे काय? विमान चुकतं, ठाण्यात रात्र जाते, जामीन, मग उच्च न्यायालयात अर्ज. तोपर्यंत पासपोर्टचं नूतनीकरण लटकलेलं.

झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या आणायच्या का, असं आता कोणीतरी विचारेलच. कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, जर ते जोडीच्या भागांबरोबर वापरायचा इरादा नसेल. म्हणजे वाद तुमच्या बाजूचा आहे. पण तो वाद सुरक्षा तपासणीच्या रांगेत पहाटे तीनला घालायचा का, ते तुम्ही ठरवा. चावीला अडकवायचं गोळीच्या आकाराचं किचेनसुद्धा आणू नका.

---

संत्रा_बर्फी

वकीलसाहेब, फ्रिजचं चुंबक?

---

वऱ्हाडी_वकील

चुंबक आणा.

---

अंबाझरी_माजी

मी आयुध निर्माणीत आयुष्य घालवलेला माणूस, आता निवृत्त. हिंगण्याच्या भाऊंनी लिहिलं ते बारकाईने वाचलं. एक गोष्ट मुळातच सांगायला हवी, नाहीतर पोरं उगाच व्हिसाच्या रांगेत लागतील.

नागपूर बंदुकीचं गाव नाही, दारूगोळ्याचं आहे. बंदूक बनते कानपूरला, इशापूरला, तिरुचिरापल्लीला. आता खासगीत ग्वाल्हेरजवळ मालनपूर, बंगळूर, हैदराबाद. आपल्या भोवती पाहा: अंबाझरीला तोफगोळ्याची शरीरं आणि पिनाका रॉकेटचा धातूचा भाग. भंडाऱ्याला जवाहरनगरात प्रणोदक, म्हणजे गोळा-रॉकेट ढकलणारी दारू. भद्रावतीला गोळे भरणं. पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार. बाजारगावला खासगी कारखाना, ज्याने २०२१ मध्ये सैन्याला हातबॉम्ब दिले आणि नंतर नागास्त्र नावाचा घिरट्या घालून आदळणारा ड्रोन. सेमिनरी हिल्सवर पेसोचं मुख्यालय, देशभरच्या स्फोटकांचे परवाने तिथून निघतात. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ निर्माण्यांच्या ७ कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालयही नागपूरलाच ठेवलं. देशाच्या मधोमध, सीमेपासून लांब, रेल्वेच्या चारही दिशा हाताशी. ही जागा काही उगाच निवडलेली नाही.

आता शॉट शोमध्ये १५५ मिलिमीटरचा गोळा विकायला कोण बसतो? कोणी नाही. तो शो खांद्यावर नाहीतर कमरेला लावायच्या हत्याराचा, तोही मुख्यतः अमेरिकन दुकानदारासाठी. आपल्या लोकांचा बाजार तो नव्हे. आपला बाजार डिफएक्स्पोसारख्या सरकारी संरक्षण प्रदर्शनाचा. २०२० ला लखनौला झाला, २०२२ ला गांधीनगरला, आणि त्या वेळी फक्त भारतीय कंपन्यांना स्टॉल होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याला मोशीत लघुउद्योगांचा संरक्षण एक्स्पो झाला, तिथं तर आपली पोरं बसने जाऊन आली. मोशीत एका स्टॉलवर मी स्वतः फ्यूजचे (गोळा फोडणाऱ्या कळीचे) पितळी भाग पाहिले, हिंगण्यातच बनलेले. त्यांना लास व्हेगासचं तिकीट काढायची गरज पडली नव्हती.

भाऊ, तुमचा खर्च वाया गेला असं मी म्हणत नाही. डोळे उघडे ठेवून गेलात, तेही कामाचं. पण धागा वाचून दुसऱ्याने कर्ज काढू नये.

---

हिंगणा_टर्निंग

काका, अर्धं मान्य. दारूगोळ्याचं गाव हे खरंच. पण सगळी अंडी सरकारी ऑर्डरीत ठेवून आमची पिढी काय भोगते ते तुम्ही आतून पाहिलं नाही. ऑर्डर आली की रात्रपाळी, थांबली की मशिनी झाकून ठेवायच्या. बिल कधी निघेल त्याचा नेम नाही. मी गेलो ते दुसरा पाय कुठं टेकतो का पाहायला.

---

अंबाझरी_माजी

बिलांबद्दल बोललात ते खरं आहे. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मीच बसायचो.

---

धरमपेठ_वाचक

सगळे धातू आणि पुंगळ्यांवर बोलत आहेत, म्हणून मी दुसरं बोलते. राग मानू नका.

शॉट शो भरवणारी ही संघटना ज्या गावी बरीच वर्षं मुख्यालय ठेवून होती ते कनेटिकटमधलं न्यूटाउन. त्याच न्यूटाउनमध्ये सँडी हूक शाळा. १४ डिसेंबर २०१२ ला तिथं २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. महिन्याभराने, जानेवारी २०१३ मध्ये शॉट शो ठरल्याप्रमाणे भरला. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासच्या त्याच स्ट्रिपवर, हॉटेलच्या खिडकीतून संगीत महोत्सवावर गोळीबार झाला, मृतांचा आकडा शेवटी ६० वर गेला. जानेवारी २०१८ ला शो त्याच रस्त्यावर होता. त्या गोळीबारात जे बंप स्टॉक (साध्या रायफलीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा दस्ता) वापरले होते, त्यांच्यावर नंतर बंदी आली आणि २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवलीही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने मेलेल्यांचा आकडा ४८ हजारांच्या वर होता, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या.

हिंगणादादा, तुमच्या पोटापाण्यावर माझा आक्षेप नाही. पण इतक्या लांब जाऊन तुम्ही मशिनी बारीक पाहिल्या, तर हेही दिसलं असेलच ना? की तिथं याबद्दल कोणी एक शब्द काढत नाही?

---

हिंगणा_टर्निंग

ताई, राग कशाला. हॉलमध्ये या विषयावर कोणी स्वतःहून बोलत नाही, हे खरं. तिजोऱ्या, कुलुपं यांचे स्टॉल भरपूर आहेत, आणि संघटनेचा फुकट केबल-लॉक वाटायचा कार्यक्रम आहे, त्याची जाहिरात ठळक असते. राजकारण निघालं की ते कर आणि निर्बंधांचं. मेलेल्या माणसांचं नाही.

जेवणाच्या टेबलावर शेजारी एक म्हातारा दुकानदार बसला होता. कुठल्याशा छोट्या गावातलं त्याचं दुकान. तो म्हणाला की गिऱ्हाईक एकटंच, उदास दिसलं आणि पहिल्यांदाच बंदूक घ्यायला आलं असेल तर मी काहीतरी कारण काढून उद्या या म्हणतो. एवढंच ऐकलं. बाकी कोणी विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. मी पाहुणा, आणि ऑर्डरीच्या शोधात आलेला. ते जसं होतं तसं सांगतो.

---

धरमपेठ_वाचक

सरळ सांगितलंत, बरं वाटलं. मत बदललं नाही.

---

कामठीकर

ताई, आपल्याकडे परवाना पद्धत आहे म्हणूनच बरं आहे. शहरात पोलीस आयुक्त, ग्रामीणला जिल्हाधिकारी. २०१९ नंतर एका माणसाला दोनच बंदुका, आधी तीन चालायच्या. लग्नात हवेत गोळी मारली तर त्याचाही आता वेगळा गुन्हा.

---

धरमपेठ_वाचक

तोच तर माझा मुद्दा. आपल्याकडचे नियम जाच म्हणून सांगू नका.

---

काटोल_शेती

वर शिकारीचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर मिळून हरभरा ठेवत नाही. कुंपण घाला, फटाके फोडा, जागल करा, दुसऱ्या रात्री परत. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे असं आजोबा सांगत. आजोबांकडे होती म्हणे. आता अर्ज केला तर फाइल कुठं जाते ते देवालाच ठाऊक. तिकडं शिकारीवर शेतकऱ्याचं काय चालतं, ते पाहिलं का भाऊ?

---

वऱ्हाडी_वकील

आजोबा बरोबर सांगत होते, कलम १३ मध्ये ती तरतूद आजही आहे. पण परवाना बंदुकीचा मिळतो, जनावर मारण्याचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. रोही, रानडुकरासाठी महाराष्ट्रात ती अटींवर मिळू शकते. दोन कागद, दोन खाती. एक आहे म्हणून दुसरा गृहीत धरू नका.

---

हिंगणा_टर्निंग

काटोलभाऊ, तिकडचा एक प्रकार मला पटला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदूक आणि काडतुसांवर उत्पादकाकडूनच अबकारी घेतात, पिस्तुलावर १० टक्के, लांब बंदुका आणि काडतुसांवर ११. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो: जंगल राखणं, प्राणीगणना, रेंज बांधणं. म्हणजे हरणाच्या अधिवासाचा खर्च हरणं मारणारा भरतो. शिकारीचा स्टॉलवाला हे छाती फुगवून सांगतो. मी त्याला म्हटलं, आमच्या गावापासून दोन तासांवर वाघ आहे. तो म्हणाला, मग तुम्ही त्याची शिकार कितीला विकता? आमच्याकडे पाहायचेच पैसे घेतात म्हटल्यावर त्याला तो धंदा समजेचना.

---

दहा_मीटर

माझी मुलगी एअर रायफल खेळते, म्हणून विचारते. शॉट शोमध्ये नेमबाजीचं सामान दिसलं का? पेलेट, जॅकेट, साइट वगैरे? आम्हाला सगळं मुंबई-दिल्लीच्या विक्रेत्यांमार्फत घ्यावं लागतं आणि पेलेटचा चांगला लॉट लागला की नाही हे नशिबावर.

---

हिंगणा_टर्निंग

ताई, एअरगन होत्या पण बहुतेक डुक्कर मारायच्या ताकदीच्या. ऑलिंपिकचं सामान पाहायचं तर लोक जर्मनीच्या आयडब्ल्यूए प्रदर्शनाला जा म्हणतात.

---

कामठीकर

आयडब्ल्यूए न्यूर्नबर्गला भरतो, १९७४ पासून. तिथंही धंदेवाल्यांनाच प्रवेश, पालक म्हणून आत सोडणार नाहीत. पण तुमच्या क्लबचा किंवा विक्रेत्याचा माणूस जात असेल तर यादी द्या. वॉल्थर, ॲनशुट्झ, फाइनवेर्कबाउ, स्टायर सगळे तिथं असतात. नियमाचं पाहाल तर २० जूलच्या आतली आणि पॉइंट १७७ बोअरची एअरगन आपल्याकडे परवान्याशिवाय चालते. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास, म्हणजे तुम्हाला ती भीती नाही.

---

दहा_मीटर

धन्यवाद. दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, त्यामुळे पेलेटच्या लॉटवर आमची भांडणं कशी होतात ते विचारू नका. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनला कांस्य आणल्यापासून आमच्या क्लबात पोरांची गर्दी वाढली आहे, आणि रायफली तेवढ्याच.

---

बुटीबोरी_व्हीएमसी

मुद्द्याचं विचारतो दादा. माझ्याकडे दोन व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन), एक सीएनसी. पोरगं डिप्लोमा करून आलं आहे, त्याला डिफेन्सच करायचं आहे. शॉट शोचा बिल्ला, तिकीट, हॉटेल धरून मी एक चांगला रोटरी टेबल घेऊ शकतो. जाऊ का नको, एका शब्दात सांगा.

---

हिंगणा_टर्निंग

नको. रोटरी टेबल घ्या.

आता सविस्तर. बंदुकीचा भाग बनवायचा म्हणजे आधी आपल्याकडचा शस्त्रनिर्मितीचा परवाना, लहान शस्त्रांसाठी तो गृहमंत्रालयाकडून. तो हातात नसताना शोमध्ये नमुने मांडून बसलात तर समोरचा दुसऱ्याच वाक्याला विचारतो आणि तुम्ही संपता. परवाना मिळाला तरी माल पाठवताना स्कोमेटच्या, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या, यादीतला सहावा गट, त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभागाची. पलीकडे अमेरिकेत बंदूक, नळी, रिसीव्हर आत घ्यायला गिऱ्हाइकाला एटीएफ या तिथल्या शस्त्र खात्याचा फॉर्म ६, म्हणजे आयातीचा परवाना. आणि सुरुवातीला लिहिलं ते ड्रॉइंगचं लायसन्स तर या सगळ्याच्या आधीचं. हे पेलायला ऑफिसात कागदांचा एक पूर्णवेळ माणूस हवा. मोठ्या कंपनीला जमतं. आपल्यासारख्या चार मशिनींच्या मालकाला नाही.

मला एक-दोन चौकशा आल्या त्या साध्या थ्रेड गेज आणि प्लग गेजच्या. कुठल्याही उद्योगात चालणारी वस्तू. ते मी करीन.

---

वऱ्हाडी_वकील

गेजचं निघालं म्हणून थांबवतो. शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या व्याख्येत शस्त्र बनवायची यंत्रसामग्रीही येते, दारूगोळ्याच्या व्याख्येतही तसंच. साधा थ्रेड गेज कोणीही विकू शकतो. पण एखाद्या विशिष्ट काडतुसाच्या चेंबरचा (नळीत काडतूस बसतं त्या जागेचा) गो–नो गो गेज, म्हणजे माप बसतं की नाही एवढंच सांगणारा, किंवा अमुक रिसीव्हर धरण्यासाठीच बनवलेलं फिक्स्चर, हे नुसतं मोजायचं-धरायचं साधन आहे की शस्त्रनिर्मितीची सामग्री, यावर समोरचा वकील तासभर बोलू शकतो. बनवण्याआधी लेखी मत घ्या.

---

हिंगणा_टर्निंग

घेतलं आहे. चेंबर गेजला मी हात लावत नाही, तिकडूनच एकानं विचारलं होतं तरी. मोजमाप सोपं आहे, भांडण नको.

---

बुटीबोरी_व्हीएमसी

ठीक. मग पोराला कुठून सुरू करायला सांगू?

---

अंबाझरी_माजी

सृजन पोर्टल. संरक्षण उत्पादन विभागाने २०२० मध्ये सुरू केलं. जे सुटे भाग आजवर बाहेरून येतात आणि इथं बनवायचे आहेत, त्यांची यादी कंपनीवार टाकलेली असते. तिन्ही दलांचं आणि सरकारी कंपन्यांचं सामान आहे, त्यात रणगाड्याच्या वॉशरपासून सगळं. पोराला म्हणावं, बंदुकीचं नाव शोधू नको, आपल्या मशिनीत बसेल असा आकार आणि धातू शोध. पहिल्या वर्षी पैसा सुटणार नाही. तपासणीचे अहवाल कसे लिहायचे, धातूचं प्रमाणपत्र बॅचला कसं जोडायचं, हे शिकण्यात वर्ष जाईल. तेवढं आलं की बाजारगावचे खासगीवालेही दारात उभं करतात.

---

बुटीबोरी_व्हीएमसी

काका, पोर्टल उघडून बसलो आहे. यंत्र इंडियाच्या यादीत दोन-तीन भाग आमच्या आवाक्यातले दिसून राहिले. ड्रॉइंग मात्र दिसत नाही, फक्त फोटो आणि माप.

---

अंबाझरी_माजी

ड्रॉइंग पोर्टलवर नसतंच. त्या भागापुढे इच्छा नोंदवा, मग ज्या कारखान्याचा भाग आहे तिथले लोक तुमची मशिनरीची यादी मागतात. ती पटली की गोपनीयतेचं हमीपत्र, आणि मग ड्रॉइंग. मशिनरीच्या यादीत मोजायची साधनं कॅलिब्रेशनच्या तारखेसह लिहा. नवीन पोरं तिथंच बाद होतात, व्हर्नियर आहे एवढंच लिहून पाठवतात. प्रत्यक्ष बोलावलं तर गेटवर मोबाइल जमा करून घेतात, म्हणून कोणाला भेटायचं ते नाव आणि विभाग कागदावर लिहून न्या.